घर ओरियलचे, जागा मळ्याची

मित्रांनो, या गावात मला सगळे ‘तांब्याची’ म्हणतात. मी तांब्याची नाही. मी बिडाची आहे. काळी, जाडजूड आणि तीन माणसांनी एकमेकांचे हात धरले तरच कवेत येईन एवढी मोठी. फार पूर्वी माझ्यासारख्या काहिली तांब्याच्या असत, त्यांचे नाव आम्हालाही चिकटले. म्हणजे माझा गोंधळ अगदी नावापासूनच सुरू होतो. पुढे तो कमी होईल अशी आशा मात्र धरू नका.

माझा जन्म विलायतेतल्या एका ओतशाळेत झाला. आम्ही पाच बहिणी, पाचही वेगवेगळ्या मापांच्या, आणि मी सगळ्यांत थोरली. जहाजाच्या पोटात बसून आम्ही बार्बाडोस बेटावर आलो. इथे थॉर्नकोट नावाच्या कुटुंबाचा उसाचा मळा होता. तुमच्या गुऱ्हाळात बहुधा एकच मोठी काहील असते. आमच्याकडे पाचही जणी एका लांब चुलवाणावर ओळीने बसवलेल्या होत्या. पवनचक्कीवरच्या चरकातून आलेला उसाचा रस आधी माझ्यात पडे. मळी काढून, जरा आटवून तो धाकटीकडे, मग तिच्या धाकटीकडे जाई आणि शेवटी सगळ्यांत लहान बहिणीत त्याची साखर होई. कष्ट माझे आणि साखर तिची, म्हणून मी मनातून जराशी रुसलेली असे.

मळ्यावर राबणारी माणसे मालकाने विकत घेतलेली होती. हे मला तेव्हा विचित्र वाटले नाही, कारण मलाही विकतच आणले होते. मालक पाहुण्यांना घेऊन येई आणि काठीने माझ्या काठावर टकटक करून म्हणे, “ही आमची थोरली. अस्सल माल आहे!” त्याच काठीने तो माणसांच्या खांद्यांवरही टकटक करी आणि तेच म्हणे. फक्त मला रडू येत नसे आणि त्यांना येई, एवढा फरक माझ्या लक्षात आला होता. त्याचे काय करायचे ते मला कळले नाही.

त्या माणसांत फिब्बा नावाची एक बाई होती. वाळलेली चिपाडे डोक्यावरून आणायची आणि चुलवाणात लोटायची, हे तिचे काम. तिचा क्वाशी नावाचा मुलगा मालकाने दुसऱ्या बेटावरच्या कुणालातरी विकला होता. त्या दिवशीही तिने चिपाडे आणली आणि त्या दिवशीही मी उकळले. साखर नेहमीसारखीच गोड झाली. इतकी वर्षे झाली, तरी हे मला पटत नाही. निदान त्या दिवशी तरी ती कडू व्हायला हवी होती, नाही का?

मग एके वर्षी बातमी आली. विलायतेच्या सरकारने गुलामगिरी बंद केली होती आणि तिची भरपाईही मंजूर केली होती. भरपाई हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. फिब्बाने तो बाकीच्या बायकांना समजावून सांगितला. “भरपाई म्हणजे गेलेलं परत मिळणं,” ती म्हणाली. “आता बघा, माझ्या क्वाशीला आणून देतील.” कुणी म्हणाले जमीन मिळेल, कुणी म्हणाले गाय मिळेल. ज्या दिवशी भरपाई येणार असे कळले, त्या दिवशी सगळे धुतलेले कपडे घालून साखरघरासमोर येऊन उभे राहिले. फिब्बाने डोक्याला पांढरे फडके बांधले होते. ऊन चढले तशी मुकादमाची स्वारी आली आणि ही गर्दी बघून पोट धरधरून हसली.

“अरे, भरपाई मालकांना!” तो म्हणाला. “तुम्ही त्यांच्या हातचे जाणार, नुकसान त्यांचं झालं! तुम्हाला कशाची भरपाई? चला, कामाला लागा. अजून काही वर्षं कायद्यानेच राबायचंय तुम्हाला.”

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, माझी बुद्धी जाड असणार. ज्याचे हरवते त्याला भरपाई मिळते, एवढे मला समजते. मालकाचे काय हरवणार होते? फिब्बा. आणि फिब्बाचे काय हरवले होते? ते कुणी विचारलेच नाही. ती आत आली, चिपाडांचा भारा टाकला आणि फडके सोडून त्याने तोंड पुसले. मी तेव्हापासून गोंधळलेली आहे.

पुढे माणसे खरोखर मोकळी झाली. आता मोकळा माणूस राहणार कुठे? जमीन सगळी मळ्याचीच. तेव्हा मळ्याने सांगितले, आमच्या जागेवर राहा, भाडे द्या, आमच्याकडे कामाला या. आणि मुकादमाशी जरा वाजले की निघा. म्हणून इथल्या माणसांनी अशी घरे बांधली की जी उचलून नेता येतील. फळ्यांची छोटी घरे, खाली पाया नाही, नुसते दगड रचून त्यांवर ठेवलेली. निघायची वेळ आली की फळ्या सोडवायच्या, गाडीवर घालायच्या आणि दुसऱ्या जागी पुन्हा ठोकायच्या. अशी घरे सकाळी इथे आणि संध्याकाळी टेकडीपलीकडे गेलेली मी कितीतरी पाहिली आहेत.

माझेही दिवस फिरले. मोठे कारखाने आले, चुलवाण विझले, साखरघराचे छप्पर वाऱ्याने नेले. माझ्या एका बहिणीला तडा गेला. एक डुकरांना पाणी पाजते. एक समुद्रकाठच्या हॉटेलात आहे, तिच्यात लाल मासे सोडले आहेत आणि ती आता कुणाशी बोलत नाही म्हणे. लहानीचा पत्ता नाही. मी मळ्याच्या कडेला गवतात पडून होते. तिथून ओरियल गिटन्सच्या वडिलांनी मला बैल जुंपून ओढत आपल्या अंगणात आणले. माझ्यात पावसाचे पाणी साठवले, त्यात ओरियल आणि तिची भावंडे डुंबली, लग्नकार्यात माझ्यात भात शिजला आणि अलीकडे माझ्यात ओरियलने शेवंतीसारखी पिवळी फुले लावली होती. खरे सांगू? मी एवढी सुखात कधीच नव्हते.

ओरियल आता सत्तरी ओलांडलेली आहे. शाळेत मुलांसाठी जेवण रांधण्यात तिचा जन्म गेला. तिचे घर फळ्यांचेच, तिच्या आजीने बांधलेले. पुढे राहत्या जागा भाडेकऱ्यांनाच विकाव्यात असा कायदा झाल्यावर गावातल्या बऱ्याच जणांनी आपापल्या जागा विकत घेतल्या, पण ओरियलची जागा मळ्याच्या कुंपणाच्या आत धरली गेली आणि राहून गेली. घर ओरियलचे, जागा मळ्याची. आणि ओरियलला मरायच्या आत एकच गोष्ट हवी होती, सिमेंटच्या भिंतींचे पक्के घर. वादळाची सूचना आली की उशी बगलेत मारून शाळेत झोपायला जायचे, याचा तिला आता वीट आला होता. पण परक्या जागेवर पक्के घर कोण बांधणार?

अशात विलायतेहून फिलिपा थॉर्नकोट आली. मळ्याचा जो काही तुकडा उरला होता त्याच्या मालकाची, म्हणजे म्हाताऱ्या थॉर्नकोटांची ही मुलगी. उन्हाने नाक लाल झालेले, हातात टोपी. ती मळ्याच्या जुन्या बंगल्यात उतरली होती आणि एका दुपारी ओरियलच्या अंगणात आली.

“आधी बसा बाई,” ओरियल म्हणाली. “तोंड बघा कसं झालंय. हे सरबत घ्या. कडू लागेल, पण थंड आहे.”

फिलिपाने ते कडसर सरबत धीराने संपवले आणि मग म्हणाली, “मिस गिटन्स, आमच्या घराण्याने इथे जे केलं त्याची आम्हाला लाज वाटते. ही जागा बाबांना तुमच्या नावावर करून द्यायची आहे. फुकट.”

ओरियलच्या हातातला पेला खाली आला. तिची भाची मार्वा दारात उभी होती, तिने तोंडावर हात ठेवला.

“मळ्याच्या फाटकाशी एक स्मारक करायचं आहे,” फिलिपा पुढे म्हणाली. “ही काहील तिथे ठेवायची. तुमची हरकत नसेल तर.”

“न्या की. तुमचीच आहे.”

“छे छे, आमची कशी? तुमची.”

“मळ्याची आहे ती.”

“म्हणूनच तर तुमची.”

मित्रांनो, दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. एके काळी माझ्या मालकीवरून कुणाला शंका नव्हती. आता दोघींनाही मी नको होते आणि हा मान की अपमान, हे मला समजेना.

मग फिलिपाने चाचरत शेवटची गोष्ट सांगितली. रविवारी चर्चनंतर स्मारकापाशी छोटा समारंभ होणार होता. तिथे ओरियलने चार लोकांसमोर एक वाक्य म्हणावे, की थॉर्नकोटांकडून आता आमचे काही येणे नाही, आमच्या मनात काही उरलेले नाही. “बाबा तिकडे अंथरुणाला खिळलेत,” ती म्हणाली. “त्यांना जायच्या आधी एवढं ऐकायचंय. मी त्यांना फोनवरून ऐकवीन.” तिचे डोळे भरून आले होते. ती खोटी नव्हती, हे मी सांगते. खोटी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

“विचार करून सांगते,” एवढेच ओरियल म्हणाली.

त्या शनिवारी अंगणात नीरफणसाच्या झाडाखाली बैठक बसली. मार्वाने मक्याच्या पिठाचा आणि भेंडीचा कू-कू केला होता, सोबत उडत्या माशांचे कालवण. निवृत्त मास्तर डार्नली ब्रूम्स आले होते, आणि रमच्या दुकानाचा मालक क्लेमेंट, जो कुठल्याही बैठकीत बोलावल्याशिवाय येतो.

“ओरियल, घेऊ नकोस,” मास्तर म्हणाले. “अख्ख्या बेटाची भरपाई मागतोय आपण, त्यांच्या सरकारकडे. तू एकटीने अंगणाएवढा तुकडा घेतलास की ते म्हणतील, दिलं की! मिटलं की!”

“मास्तर, तुमचं घर तुमच्या स्वतःच्या जागेवर आहे,” मार्वा ताडकन म्हणाली. “तुम्हाला तत्त्वं परवडतात. आत्याच्या डोक्यावरचे पत्रे गेल्या वादळात चर्चच्या आवारात सापडले.”

“पण पोरी, देणारे कोण आणि घेणारे कोण?” क्लेमेंट म्हणाला. “माझी खापरपणजी मुकादमाची मुलगी होती. मग मी काय, उजव्या खिशातून काढून डाव्या खिशात घालू?”

“तू घाल. दोन्ही खिसे फाटकेच आहेत तुझे.”

सगळे हसले. मग क्लेमेंट जरा गंभीर झाला. “खरंच विचारतो. ज्यांनी केलं ते मेले. ज्यांनी सोसलं तेही मेले. आता कुणाचं कुणाकडे काय?”

“मळा मेला का?” मास्तर म्हणाले. “मळा बापाकडून मुलाकडे येतो, बंगला येतो, त्यातली चांदीची भांडी येतात. मग देणं तेवढं वाटेत कसं सांडतं?”

क्लेमेंटने आणखी थोडा कू-कू वाढून घेतला. मास्तर बोलत की मला त्यांचे पटे आणि मार्वा बोलली की तिचे. क्लेमेंटचे पटायला नको होते, तरी थोडे पटले. ओरियल मात्र माशाचे काटे काढत बसली होती. शेवटी मार्वाने विचारले, “आत्या, एक वाक्य तर म्हणायचंय. म्हणून टाक ना. तोंडाने म्हणायचं, मनात नाही.”

“माझ्या मनातलं म्हणायचं असतं तर म्हटलं असतं ग,” ओरियल म्हणाली. “मला कुणी विकलं नाही. माझं पोर कुणी नेलं नाही. ज्यांचं गेलं त्यांच्या वतीने ‘काही येणं नाही’ असं मी कोण सांगणार? मला तर त्यांची नावंसुद्धा ठाऊक नाहीत.”

मला एक नाव ठाऊक होते. पण फिब्बा ओरियलची कोण, की कुणीच नाही, ते मलाही माहीत नाही. आणि काहिलीला कोण विचारतो?

रविवारी सकाळी चर्चला जायच्या वेळी ओरियलने मार्वाला बंगल्यावर पाठवले. “सांग, आत्याला जमणार नाही. नीट सांग, उर्मट बोलू नकोस.” मार्वा गेली आणि ओरियलने चर्चचा चांगला झगा काढून ठेवला, जुना घातला आणि क्लेमेंटला हाक मारली.

“लॉरी आण. आणि हातोड्यावाली माणसं.”

कुणी ‘का’ असे विचारले नाही. मळ्याला ‘नाही’ म्हटले की घर हलवायचे, हे इथे पोराटोरांनाही कळते. शेजारचे सगळे आले, काही तर चर्चच्या कपड्यांतच. आधी पत्रे उतरले, मग खिडक्या, मग भिंतींच्या फळ्या. क्लेमेंट खडूने प्रत्येक फळीवर खूण करत होता आणि आपल्या काकाच्या घराच्या खुणा पावसात पुसल्या गेल्यावर त्याचे दार डुकरांच्या खोपटाकडे कसे उघडले, ते सांगत होता. वाकडे खिळे ठोकून सरळ करून डब्यात टाकले जात होते. मास्तरांनी आपल्या परसात जागा दिली होती. ‘घेऊ नकोस’ म्हणणाऱ्याने तेवढे तरी करायला हवेच, असे ते म्हणाले. ओरियल मधे उभी राहून सांगत होती, “आजीचा आरसा जपून. तो कपाटाच्या मागे नको, पुढे.” तिचा आवाज स्थिर होता, पण हात झग्याच्या खिशात कोंबलेले होते. मला तिच्याकडे बघवेना.

दुपारी फिलिपा आली. बहुतेक बराच वेळ ती बंगल्यात रडत बसली होती, कारण डोळे सुजलेले होते. अंगणात येऊन ती थबकली. घर नव्हते. रचलेले दगड होते, मी होते आणि फळ्यांनी भरलेली लॉरी होती.

“हे काय?” ती म्हणाली. “घर कुठंय?”

“चाललं, बाई,” ओरियल म्हणाली.

“पण मी... मी तुम्हाला जा म्हटलं नव्हतं!”

“म्हणावं लागत नाही.”

“असं कसं? तुम्ही नाही म्हणालात, एवढंच! मी कशाला तुम्हाला काढीन?”

“माझ्या आजीलाही कुणी तोंडाने काढलं नव्हतं,” ओरियल म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, लहान मुलाला समजावावे तशी ती बोलत होती. “मालक फक्त रागावले होते. तिने घर उचललं. त्याआधी तिच्या आईने उचललं होतं. आम्ही वाट बघत नाही, बाई. वाट बघितली की पत्रे मोडून टाकतात.”

फिलिपा त्या रिकाम्या दगडांपैकी एकावर मटकन बसली. हातोडे थांबले. मग तिने फोन काढला आणि वडिलांना लावला.

“बाबा,” ती म्हणाली, “त्या नाही म्हणतायत ते वाक्य... नाही. म्हणणारही नाहीत. त्यांनी घर मोडलं, बाबा. आपण काढू म्हणून त्यांनी स्वतःच मोडलं... हो. आत्ता माझ्यासमोर. हो, तेच म्हणते मी. जागा त्यांचीच. काही न म्हणता.” ती ऐकत राहिली. मग तिने फोन ओरियलपुढे धरला. “बोलाल त्यांच्याशी? नसेल बोलायचं तर नका बोलू.”

ओरियलने हात खिशातून काढून झग्याला पुसले आणि फोन घेतला. पलीकडून एक म्हातारा, घरघरणारा आवाज काहीतरी विचारत होता. काय, ते मला ऐकू आले नाही. मार्वाने मास्तरांचा दंड घट्ट धरला होता.

“मिस्टर थॉर्नकोट,” ओरियल म्हणाली, “ते माझ्या हातात नाही. तुमची तब्येत कशी आहे?”

पुन्हा ती घरघर.

“हो ना. माझेही गुडघे ठणकतात रात्री. मुलगी परत आली की जायफळाच्या तेलाने चोळायला सांगा तिला... हो. ठेवते.”

तिने फोन परत दिला. याला माफी म्हणायची का? मास्तर म्हणतात, मुळीच नाही. मार्वा म्हणते, त्याहून मोठी. क्लेमेंट म्हणतो, जायफळाच्या तेलाने काही होत नाही. मी अजून विचारच करते आहे.

“मग आत्या,” मार्वाने विचारले, “फळ्या उतरवू? घर परत ठोकायचं ना इथंच?”

ओरियलने लॉरीकडे पाहिले, मग दगडांकडे. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच रडली, तेही थोडेसेच, आणि नाक पुसून म्हणाली, “फळ्या मास्तरांकडे ठेवा. इथं घर नका ठोकू. खणा.”

“खणा?”

“पाया खणा. माझा आहे ना तुकडा? मग खणा!”

क्लेमेंट कुदळ आणायला धावला. माझ्या समोर त्यांनी ते दगड बाजूला केले आणि जमीन खणायला घेतली. मास्तरांनी कोट काढून फांदीवर टांगला. “माझं मत बदललेलं नाही,” त्यांनी सगळ्यांना बजावले. “बेटाचं देणं बाकी आहे.” आणि त्यांनी फावडे हातात घेतले. फिलिपा विचारत होती की मी काय करू, तेव्हा मार्वाने तिला घमेले दिले. या जागेवर पुष्कळ घरे आली आणि गेली, मित्रांनो, पण आमच्या माणसांसाठी कुणी पाया खणताना मी पहिल्यांदाच पाहिले.

वकील येऊन कागद करून गेला. समारंभ काही झाला नाही. बेटाच्या भरपाईचा वाद चालूच आहे. रेडिओवर मोठमोठी माणसे भांडतात आणि मी दोन्ही बाजू ऐकून पुन्हा गोंधळते. एवढी वर्षे जगूनही तुम्हाला शहाणपण शिकवावे, अशी माझी लायकी नाही. तरी एक मागणे मागते. कुणाचे काही तुमच्याकडे राहिले असेल, तर ते परत द्या. देताना हात पुढे करा, पण त्याच्याकडून ‘आता मिटले’ असे वदवून घेऊ नका. मिटले की नाही, ते त्याला ठरवू द्या. तो कदाचित तुमच्या गुडघ्यांची चौकशी करील. तेवढ्यावर समाधान माना.

माझे पुढे काय करायचे, ते अजून ठरलेले नाही. स्मारकाला न्यायचे की अंगणात ठेवायचे, यावर ओरियल आणि फिलिपा अजून एकमेकींना ‘तुमचीच आहे’ म्हणतात. फुले तेवढी काढून मार्वाने डब्यात लावली आहेत. सध्या माझ्यात सिमेंट कालवतात.